यंत्रमानवांच्या स्पर्धा आणि आपली मुले
(व्याख्यानमालेतील भाषण)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींच्या कपाळावर आठी उमटली असल्यास नवल नाही. सुवर्णमहोत्सवाच्या मंडपात धर्मसंस्कार, दान, तीर्थरक्षा, पाठशाळा हे विषय शोभून दिसतात. यंत्रमानवांच्या स्पर्धांचे येथे काय प्रयोजन, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. प्रयोजन असे, की हा छंद आता आपल्या घरांत येऊन पोहोचला आहे. मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाते आणि दिवाळीनंतर घरी येणे कमी होते. फोन केला तर मागे ठोकाठोकीचा आवाज येतो. रात्री अकरा वाजता 'वर्कशॉपमध्ये आहे' असे उत्तर मिळते. आई जेवणाची काळजी करते, वडील गुणपत्रिकेची. दोघांपैकी एकालाही हे नेमके काय चालले आहे याची कल्पना नसते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना मात्र हाच विद्यार्थी शेवटच्या रकान्यात मोठ्या अभिमानाने 'रोबोकॉन संघाचा सदस्य' असे लिहितो, आणि अर्ज तपासणारी ज्येष्ठ मंडळी तो रकाना न वाचताच पान उलटतात. त्या एका रकान्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

या स्पर्धांचा उगम पाहिला तर त्यात आपल्याला जवळचे वाटावे असे काही सापडते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एमआयटीत, १९७० च्या दशकात वुडी फ्लॉवर्स नावाचे प्राध्यापक यंत्ररचनेचा वर्ग घेत. ते प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच फुटकळ वस्तूंची एक पिशवी देत आणि तेवढ्याच सामानातून ठरावीक काम करणारे यंत्र बनवावयास सांगत. सत्राच्या शेवटी त्या यंत्रांची लढत होई. जपानमध्ये टोकियो तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९८१ च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांपुढे याहून कठीण पेच ठेवला. दोन मोठे कोरडे सेल, म्हणजे टॉर्चमध्ये घालतो ते, एवढ्याच शक्तीवर माणसाला बसवून चालेल अशी गाडी करावयाची. दोन सेलमध्ये ऊर्जा ती किती! घर्षणात, वजनात, चाकाच्या वाकडेपणात थोडी जरी उधळपट्टी झाली तरी गाडी जागची हलत नाही. भांडवल सर्वांना सारखे आणि तेही अपुरे. मग जिंकतो तो, जो कमीत कमी वाया घालवतो. व्यापाऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

मोरी हे केवळ यंत्रतज्ज्ञ नव्हते. त्यांचा बौद्ध दर्शनाचा अभ्यास होता आणि यंत्रमानव व बुद्धविचार यांवर त्यांनी १९७४ मध्ये एक ग्रंथही लिहिला. वस्तू घडवता घडवता ती घडवणारा माणूसही घडतो, ही त्यांची धारणा होती. त्यांच्या वर्गातील त्या स्पर्धेतूनच पुढे १९८८ मध्ये जपानच्या एनएचके या नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेने तंत्रनिकेतनांसाठी 'रोबोकॉन' सुरू केले. त्या स्पर्धेची एक रीत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तेथे अंतिम सामना जिंकणाऱ्या संघाला विजेतेपद मिळते, परंतु सर्वांत मोठा मान त्याला नसतो. 'रोबोकॉन महापुरस्कार' हा त्याहून वरचा मानला जातो आणि तो कल्पकतेसाठी दिला जातो. पहिल्या फेरीत हरलेला संघही त्याचा मानकरी होऊ शकतो.

आशिया-पॅसिफिक प्रसारण संघटनेने, म्हणजे एबीयूने, २००२ मध्ये ही कल्पना देशोदेशींच्या महाविद्यालयांसाठी खुली केली. पहिली स्पर्धा टोकियोत झाली आणि ती व्हिएतनामच्या संघाने जिंकली. यजमान जपान नव्हे, चीन नव्हे, व्हिएतनाम! त्यानंतर २००४, २००६, २०१४, २०१५, २०१७ आणि २०१८ मध्येही विजेतेपद त्याच देशाकडे गेले. साधनसंपत्तीचा आणि यशाचा संबंध आपण समजतो तितका सरळ नसतो, हे येथे सहज लक्षात यावे.

भारतात या स्पर्धेची राष्ट्रीय फेरी दूरदर्शनच्या पुढाकाराने होऊ लागली. अनेक वर्षे ती पुण्यातच होत असे, नंतर ती दिल्लीला गेली. दरवर्षी यजमान देश आपल्या संस्कृतीतील एखादा विषय निवडतो आणि त्यावर खेळाचे नियम बेतले जातात. चीनने भिंत चढावयास लावले, मलेशियाने जुळे मनोरे उभारावयास सांगितले, इजिप्तने पिरॅमिड रचावयास सांगितले. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपद प्रथमच भारताकडे आले, ती पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडानगरीत भरली, आणि विषय होता 'गोविंदा'. उंचावरच्या मडक्यांतून लोणी काढावयाचे, तेही माणसांच्या थरांनी नव्हे, यंत्रांनी! गोकुळाष्टमीला जेमतेम आठवडा उलटला होता. आपल्यातील श्वेतांबर बांधवांचे पर्युषण चालू होते, दशलक्षण पर्व चार-पाच दिवसांवर आले होते, आणि बालेवाडीत परदेशी मुले दहीहंडीचे नियम तोंडपाठ करून उतरली होती. त्या वर्षी चीनच्या शिआन जिआओतोंग विद्यापीठाने बाजी मारली. हंडी आपली, लोणी दुसऱ्याने नेले, असा विनोद तेव्हा कोणी केला असेल तर तो क्षम्य म्हणावा. पुढे २०२२ मध्ये दिल्लीत झालेल्या स्पर्धेचा विषय 'लगोरी' होता. पाच चकत्यांची लगोरी चेंडूने फोडावयाची, एका यंत्राने ती पुन्हा रचावयाची आणि त्याच वेळी प्रतिपक्षाच्या यंत्राने त्या रचणाऱ्याच्या डोक्यावरचा चेंडू उडवावयाचा. मंदिराच्या पटांगणात ज्यांनी लगोरी खेळली आहे त्यांना हे नियम एका दमात कळतील.

आता यंत्राच्या आत काय चालते ते पाहू. हा भाग रूक्ष वाटेल, परंतु तो समजला नाही तर मुलांच्या रात्री कशात जातात हे समजणार नाही.

यंत्राला दोन प्रकारे चालवता येते. एकात विद्यार्थी हातातील नियंत्रकाने त्याला हाकतो. दुसऱ्यात एकदा सोडले की हात लावावयाचा नाही, यंत्राने आपला मार्ग आपण शोधावयाचा. या स्वयंचलित यंत्राला आपण कोठे आहोत हे कसे कळावे? एक उपाय म्हणजे चाक किती फिरले ते मोजणे. चाकाचा परीघ ठाऊक असतो, फेरे मोजले की अंतर कळते. परंतु चाक क्वचित घसरते, रबर दबते, दोन चाकांत केसाएवढा फरक असतो. गज एका सुताने तोकडा असला तर एका वारीत फरक कळत नाही, पण ताका संपेपर्यंत हातभर कापड इकडचे तिकडे होते. यंत्राचेही तसेच. दहा पावलांनंतर ते आपल्या समजुतीप्रमाणे अगदी अचूक ठिकाणी उभे असते आणि प्रत्यक्षात वीतभर बाजूला असते. म्हणून जमिनीवर आखलेल्या पांढऱ्या रेघांचा आधार घ्यावा लागतो. यंत्राच्या पोटाखाली बसवलेली संवेदके खाली प्रकाश टाकतात, रेघेवरून तो अधिक परततो, गडद जमिनीवरून कमी. त्यावरून यंत्राला आपण रेघ सोडली हे समजते.

समजले तरी किती वळावयाचे हा प्रश्न उरतोच. कमी वळले तर रेघ सुटते, अधिक वळले तर यंत्र दारुड्यासारखे झोकांड्या खाते. यासाठी वापरली जाणारी रीत पीआयडी या नावाने ओळखली जाते आणि तिची उकल एखाद्या मुनिमाने करावी अशी आहे. वसुलीला निघताना मुनीम तीन गोष्टी पाहतो. आज उधारी किती आहे, ती किती दिवसांपासून साचत आली आहे, आणि ती वाढते आहे की घटते आहे. तिन्हींचा मेळ घालून तो तगादा किती कडक करावयाचा ते ठरवतो. यंत्रही हेच करते. आत्ताची चूक किती, आतापर्यंत साचलेली चूक किती, चूक बदलण्याचा वेग किती. फरक एवढाच, की यंत्र हा हिशेब सेकंदाला शेकडो वेळा मांडते. या तीन गोष्टींना किती किती महत्त्व द्यावयाचे हे आकडे पुस्तकात सापडत नाहीत. ते यंत्र चालवून, चुकवून, पुन्हा चालवून काढावे लागतात. मुलांच्या रात्री बहुतांशी या तीन आकड्यांपायी जातात.

आणि मर्यादा! या स्पर्धांचे नियमपुस्तक हातात घेतले तर पानोपानी मर्यादाच आढळतात. विजेचा दाब चोवीस व्होल्टपेक्षा अधिक नको. दाबाखालची हवा सहा बारच्या वर नको. वजन अमुक किलोच्या आत, सुरुवातीचा आकार अमुक चौकोनात. सामन्याआधी तराजूवर यंत्र चढते तेव्हा पाव किलो जास्त भरले तर तेथेच छिद्रे पाडून, खिळे काढून वजन उतरवावे लागते. परिग्रह-परिमाण व्रताविषयी आपण पाठशाळेत ऐकतो, व्याख्यानात ऐकतो. एखादी वस्तू खरोखर हवी आहे की केवळ असावी म्हणून आहे, हा प्रश्न प्रत्येक स्क्रूविषयी विचारण्याची सवय मात्र या मुलांना वजनकाट्यापुढे लागते. दोन्हींची तुलना फार ताणू नये, हेही खरे. व्रत स्वेच्छेने घेतले जाते आणि त्याचे लक्ष्य आत्मशुद्धी असते, नियम परीक्षक लादतो आणि लक्ष्य सामना असते. तरीही हाताला लागलेली सवय कोणत्या दाराने आली याची ती फारशी फिकीर करीत नाही.

येथे एका घराची हकीकत सांगणे उचित होईल. नाव घेण्याचे कारण नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले हे कुटुंब. मुलगा पुण्यात अभियांत्रिकीला. दुसऱ्या वर्षी तो महाविद्यालयाच्या रोबोकॉन संघात गेला. वर्ष होते २०१४ चे. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुन्हा पुण्याकडे आली होती आणि भारताने दिलेला विषय होता मातापित्यांना वंदन करण्याचा. एक यंत्र पालक, दुसरे बालक. पालक-यंत्र विद्यार्थी हाकणार, बालक-यंत्र स्वयंचलित. पालकाने बालकाला उचलून न्यावयाचे, सीसॉवर बसवावयाचे, खांबांवरून चालावयास सोडावयाचे, झोका द्यावयाचा आणि अखेर जंगलजिमपाशी नेऊन ठेवावयाचे. ती शिडी मात्र बालकाने एकट्यानेच चढावयाची. सर्व साधले की 'शाबास' आणि सामना जिंकला. वेळ तीन मिनिटे.

वडिलांना हे सर्व व्यर्थ वाटे. पहिल्या सत्रात गुण घसरले तेव्हा त्यांनी स्पष्ट विचारले, "अरे, वर्षभर राबायचं आणि खेळ तीन मिनिटांचा. यातनं मिळतं काय?" मुलाकडे उत्तर नव्हते. तो म्हणाला, "अण्णा, एकदा येऊन बघा." सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा घरचा नियम वर्कशॉपमध्ये कसा पाळला जाईल याची आज्जीला चिंता होती. मुलगा सायंकाळी साडेपाचला खोलीवर जाऊन डबा खाऊन परत येत असे, आणि रात्री इतर मुले वडापाव मागवीत तेव्हा तो सोल्डरिंगची लोखंडी कांडी हातात धरून काम पुढे रेटीत असे. संघातील मित्रांनी त्याची थट्टा केली, नंतर सवय झाली, नंतर रात्रीच्या त्या अर्ध्या तासाचे काम त्याच्याकडेच ठेवण्याची पद्धत पडली.

मार्च महिन्यात वडील सांगलीहून पहाटेच्या गाडीने निघाले आणि बालेवाडीच्या गॅलरीत येऊन बसले. मुलाच्या संघाचा पहिला सामना लागला. पालक-यंत्राने बालकाला नीट उचलले, सीसॉ झाला, टाळ्या पडल्या. खांबांपाशी बालक-यंत्र सोडले आणि ते उभेच राहिले. एक पाऊल नाही. खाली मुले ओरडत होती, घड्याळ चालू होते. पालक-यंत्र दोन हातांवर उभे होते, पण नियमाप्रमाणे ढकलण्याची मुभा नव्हती. तीन मिनिटे संपली. मागाहून कळले, की वायरचे एक टोक सैल झाले होते. कारण इतकेच. वर्षाचे काम, कित्येक रात्री, तापकीर गल्लीच्या आणि लॅमिंग्टन रोडच्या खेपा, आणि शेवटी दोन-तीन रुपयांचा कनेक्टर.

वडील काही बोलले नाहीत. त्यांच्या नजरेत दुसरीच गोष्ट भरली होती. सामना संपताच जिंकलेल्या संघातील दोन मुले आपला विजय सोडून पाने-पेचकस घेऊन हरलेल्या यंत्रापाशी धावली. एकाने आपल्याजवळचे जादा कनेक्टर काढून दिले. पुढचा सामना तासाभराने होता. तो सामना मुलाच्या संघाने खेळला, पुढच्या फेरीत मात्र ते गेले नाहीत. घरी परतल्यावर आज्जीने विचारले, "जिंकला का रे?" वडिलांनीच उत्तर दिले, "नाही. पण माल देणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा तिथली हरवणारी पोरं बरी निघाली."

हा प्रसंग सुखद आहे आणि येथे थांबलो असतो तर व्याख्यान गोड झाले असते. परंतु या छंदाला दुसरी बाजू आहे, आणि जैन घरात तिचा विचार टाळता येत नाही.

यंत्रमानवांच्या साऱ्याच स्पर्धा अशा नसतात. मुंबईच्या आयआयटीत होणाऱ्या 'टेकफेस्ट'मध्ये आणि इतर अनेक महाविद्यालयांच्या महोत्सवांत 'रोबोवॉर' हा प्रकार असतो आणि सर्वांत मोठी गर्दी तेथेच जमते. पारदर्शक जाड पत्र्यांच्या पिंजऱ्यात दोन यंत्रे सोडली जातात. एकाच्या तोंडाशी प्रचंड वेगाने फिरणारा पोलादी ढोल, दुसऱ्याच्या अंगावर उलथून टाकणारी फळी. प्रतिपक्षाचे यंत्र निकामी केले की जय. ठिणग्या उडतात, चाके निखळतात, बॅटरी पेटते, प्रेक्षक बेभान होतात.

सांगलीच्या त्याच मुलाला तिसऱ्या वर्षी रोबोवॉरच्या संघातून बोलावणे आले. बक्षिसाची रक्कम मोठी, नाव मोठे. सुट्टीत घरी त्याने विषय काढला. वडील गप्प राहिले. आज्जी म्हणाली, "रात्रीचा दिवस करून एकानं केलेलं दुसऱ्यानं फोडायचं, आणि वर टाळ्या?" मुलगा म्हणाला, "आज्जी, यंत्रात जीव नसतो." आज्जी म्हणाली, "यंत्रात नसंल. बनवणाऱ्यात आहे की."

हा संवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्यात आपल्या शास्त्रातील एक जुना प्रश्न जिवंत होतो. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती आहे. निष्प्रयोजन पापप्रवृत्ती टाळणे हा तिचा आशय. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात तिचे पाच प्रकार सांगितले आहेत : पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. श्वेतांबर परंपरेत उपासकदशांगात चार येतात. हिंसेची साधने पुरविणे हे दोन्हीकडे वर्ज्य. आता मुलाचा युक्तिवाद पाहा. यंत्र अजीव आहे, ते मोडल्याने प्राणिहिंसा होत नाही, आणि पिंजऱ्याबाहेर ते शस्त्र कोणावर चालवायचेही नाही. केवळ द्रव्यहिंसेच्या अंगाने पाहिले तर त्याचे म्हणणे सहज खोडता येणार नाही. परंतु आज्जीचा रोख भावहिंसेकडे होता, आणि तेथे प्रश्न अपध्यानाचा येतो.

अडचण अशी, की अपध्यानाचे माप लावले तर रोबोवॉरच काय, कोणतीच स्पर्धा सुटत नाही. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत अपध्यान समजावताना वध-बंधनाबरोबर इतरांच्या जय-पराजयाचे चिंतनही त्यात धरले आहे. मग समोरच्याचे यंत्र अडावे, त्याचा कनेक्टर सुटावा, असे गॅलरीत बसून मनात आणणारा पालक कोणत्या पंक्तीत बसतो? लगोरी खेळणारे यंत्र आणि ढोल फिरवणारे यंत्र यांत मग भेद उरतो का?

भेद उरतो, आणि तो खेळाच्या रचनेत आहे. एका खेळात आपले काम पूर्ण केल्याने जय मिळतो, दुसऱ्यात समोरच्याचे काम नष्ट केल्याने. पहिल्यात समोरच्याचे वाईट चिंतणे शक्य आहे, पण त्याची गरज नाही. दुसऱ्यात तेच खेळाचे साध्य आहे. अमेरिकेत डीन केमेन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या 'फर्स्ट' या संस्थेने हा विचार आणखी पुढे नेला. तिची पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील एका शाळेच्या व्यायामशाळेत अठ्ठावीस संघांनिशी झाली. वर ज्यांचा उल्लेख आला ते वुडी फ्लॉवर्स याही कार्यात होते, आणि अटीतटीने खेळतानाही प्रतिस्पर्ध्याचा आदर व त्याला मदत हे मूल्य त्यांनी तेथे रुजवले. आज तेथे संघ एकेकटे खेळत नाहीत, युती करून खेळतात, आणि प्राथमिक फेऱ्यांत ही युती दर सामन्याला बदलते. या सामन्यात जो समोर उभा आहे तोच पुढच्या सामन्यात आपल्या बाजूला असू शकतो. अशा स्थितीत त्याची बॅटरी उतरावी अशी इच्छा करणे परवडत नाही! शाळकरी मुलांसाठी असलेल्या याच संस्थेच्या स्पर्धा आता भारतातही होतात. जागतिक रोबो ऑलिंपियाड २०१६ मध्ये दिल्लीत झाले, त्याचा विषय कचऱ्याची विल्हेवाट हा होता. ज्या पालकांच्या मनात शंका आहे त्यांना निवडीसाठी पर्याय भरपूर आहेत, एवढेच सांगणे आहे.

रोबोवॉर खेळणाऱ्या मुलांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही नमूद करावयास हवे, की तेथील सुरक्षिततेची शिस्त अत्यंत कडक असते आणि सामना संपल्यावर एकमेकांची यंत्रे उभी करण्यास तीही मुले धावतात. सांगलीच्या मुलाने त्या संघाला नकार दिला. त्याच्याच वसतिगृहातील दोन जैन मित्र मात्र त्या संघात गेले आणि त्यांच्या घरून कोणी आक्षेप घेतला नाही. समाजाने फतवा काढावा असा हा विषय नाही. प्रत्येक घरात तो बोलला मात्र जावा. शस्त्र बनवण्याचे कौशल्य आणि शेतात रोप लावणाऱ्या यंत्राचे कौशल्य ही एकाच हाताची दोन कामे आहेत, आणि ती निवड मुलांना उद्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी करावी लागणार आहे. तिचा सराव वयाच्या एकोणिसाव्या वर्षी घरच्या ओट्यावर, आज्जीच्या समोर झाला तर त्यात वाईट काय?

पैशाचा मुद्दा ओघाने येतो. मोटारी, बॅटऱ्या, हवेचे सिलिंडर, ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या, लेथवरची मजुरी, पुण्या-दिल्लीचा प्रवास असा एका संघाचा वर्षाचा खर्च लाखांच्या घरात जातो. महाविद्यालय काही देते, उरलेले मुले पुरस्कर्त्यांकडून आणतात. दुकानोदुकानी फिरून, पत्रे देऊन, नकार ऐकून. व्यापाऱ्याच्या मुलाला पेढीवर जे शिकावयाला वडिलांची बोलणी खावी लागतात, ते दरपत्रक मागवणे, घासाघीस, बिल, परतावा, सगळे तो येथे स्वतःच्या गरजेने शिकतो. मुलींचा सहभागही आता लक्षणीय आहे, आणि त्यांच्यापुढची अडचण वेगळी असते : वर्कशॉप रात्री चालते आणि वसतिगृहाचे दार लवकर बंद होते. एखाद्या ट्रस्टने शिष्यवृत्तीच्या रकमेतून स्पर्धेसाठी थोडा भाग राखून ठेवला, किंवा आपल्या वसतिगृहातील एक खोली रात्री सुरक्षितपणे काम करता येईल अशी, देखरेखीसह उघडी ठेवली, तर ते विद्यादानात बसेल की नाही याचा विचार विश्वस्तांनी करावा. गुण घसरण्याची भीती खोटी नाही. ज्यांचे एक-दोन विषय राहिले अशी मुले प्रत्येक संघात असतात, आणि त्यांना ओरडणारे कोणी घरी असणेही आवश्यक आहे.

स्पर्धा आटोपल्यावर यंत्रांचे काय होते, असा प्रश्न अनेकजण विचारतात. लोकांना वाटते, ती काचेच्या कपाटात ठेवली जात असतील. बहुतेक ठिकाणी तसे होत नाही. पुढच्या वर्षाचा विषय जाहीर होतो, पैसे अपुरे असतात, आणि मुले स्वतःच्याच हाताने आपले यंत्र सुटे करतात. मोटारी एका खोक्यात, चाके दुसऱ्यात, नळ्या कापून नव्या मापाच्या. २०१४ च्या त्या पालक-यंत्राचे हात पुढल्या वर्षी बॅडमिंटनच्या विषयाला बांधलेल्या यंत्रात गेले. बालक-यंत्राची चाके कनिष्ठ वर्गातील मुलांनी घेतली. परीक्षा संपल्यावर मुलाचे सामान न्यायला वडील पुण्याला आले, तेव्हा वर्कशॉपच्या फळीवर ओळखू येण्यासारखे काही शिल्लक नव्हते. सरावात जळालेली एक मोटार तेवढी भंगाराच्या डब्यात पडली होती. ती कोणालाच नको होती. सांगलीच्या पेढीवर आज ती पावत्यांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवलेली आहे.